हरणाबाईची रिकामी कणगी

हरणाबाई भ्यालेली मी आयुष्यात एकदाच पाहिली. ती भ्याली म्हणून मी भ्यालो, आणि मी भ्यालो म्हणून आमची सगळी आळी भ्याली. त्यात माझा वाटा किती, ते पुढं येईलच. आधीच कबूल केलं तर तुम्ही तिला सोडून मलाच शिव्या घालत बसाल.

आमची आळी कराडात, कृष्णेच्या घाटाकडं उतरणारी. मी टेलर. माझं मशीन ओट्यावर, रस्त्याकडं तोंड करून. आळीत जे घडतं ते ओट्यावरनं दिसतं आणि जे दिसत नाही ते भिंतीतनं ऐकू येतं, कारण हरणाबाईचं आणि माझं घर एकाच भिंतीचं. ती भिंत तिची की माझी, या वादावर आम्ही वीस वर्षं सुखानं काढली.

बाई उंच, हाडापेरानं दणकट, पन्नाशीची. तोंडावर देवीचे वण असे दाट, की पावसाचे टपोरे थेंब पडून गेलेली धूळच. लहानपणी देवी आल्या, दोन भावंडं गेली, ही वाचली. मंडईत मिरची-कोथिंबीर विकायची. एकदा मंडईत बैल उधळला. पुरुष माणसं गाळ्यांच्या फळ्यांवर चढली, त्यात मीही होतो. हरणाबाई मात्र जागची हलली नाही. बैल कोथिंबिरीला तोंड लावायला आला तसं तिनं तागडीचं पारडं त्याच्या नाकाडावर हाणलं. बैल आल्या वाटेनं गेला. बाई वर फळीकडं बघून म्हणाली, "उतरा आता, बाळासो. बैल गेला. का तुमास्नी बी पारडं लागतंय?"

मीही कधी सोडायचो नाही. "काय हरणाबाई, मिरच्या तिखट हायत का आज?"

"तुज्या जिभंपरास कमीच."

असं आमचं.

तिच्या घरात एक गोष्ट मात्र थट्टेच्या पलीकडची होती. पाटणच्या बाजूच्या खेड्यातनं, नवरा वारल्यावर ती कराडला आली तेव्हा बैलगाडीत तागडी होती, पाटावरवंटा होता आणि एक कणगी होती. धान्य साठवायची, कामट्यांची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली, माझ्या खांद्याएवढी उंच. कराडात शेत नाही, पोतंभर धान्य नाही, आणि ही रिकामी कणगी निम्मी माजघराची जागा अडवून बसलेली. दर दिवाळीला बाई ती सारवायची. मी आळीत उठवून दिलं की कणगीच्या बुडाशी सोनं आहे. ते तिच्या कानावर गेलं. मला वाटलं, आता भांडण होणार, मजा येणार. बाई भांडलीच नाही. आठ दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि भिंतीपलीकडनं एकदाही तिचा आवाज आला नाही. तेव्हापासून मी कणगीचं नाव काढणं सोडलं.

मग चौऱ्याहत्तर सालच्या शिमग्याच्या आगेमागे ती गोरी पोरगी आली.

त्या काळी गोव्याकडनं पुण्याकडं जाणारी गोरी पोरं-पोरी हायवेला दिसायची. लांब केस, गळ्यात मणी, पाठीवर बोचकं. लॉरीतनं उतरायची, चहा प्यायची, निघून जायची. ही एकटीच होती. कोल्हापूर नाक्यावर लॉरी बिघडली म्हणून उतरली आणि चालत चालत संगमावर गेली. तिथं हरणाबाई धुणं धूत होती. संध्याकाळी बाई आळीत शिरली ती एका हातात धुण्याचा पिळा आणि दुसऱ्या हातात त्या पोरीचं मनगट धरून.

"बाळासो, म्हशीगत बघत बसू नगंस. तू पलटनीत हुतास न्हवं? हिला इचार, हिची आई कुटं हाय."

मी पलटणीत होतो, पण शिंपी म्हणून. इटलीपर्यंत गेलो, तिथं बंदूक कमी आणि काजं-बटणं जास्त केली. इंग्रजी मात्र कामापुरतं आलं. मी विचारलं. पोरीचं नाव इंगर. देश नॉर्वे. वय चोवीस. मी लगेच तिचं बारसं केलं, 'इंगळी'. हा विनोद आळीत दोन दिवस चालला.

"कच्चं वांगं खात हुती!" हरणाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होती. "घाटावर बसून, काकडीगत! कुन्या आईनं अशी सोडली आसंल पोर?"

त्या संध्याकाळी तिच्या दारात पोरीनं नकाशा पसरला. नॉर्वेपासून बोटानं रेघ ओढत निघाली. तुर्कस्तान, इराण, काबूल, मग आपला देश. कुठं बस, कुठं लॉरी, कुठं पायी, सगळं मिळून एक वर्ष. हरणाबाईनं नकाशावर तळहात ठेवून मोजलं. "दीड ईत! एवड्यासाटी वरीस लावलंस व्हय गं?"

मी भाषांतर केलं. पोरगी हसून हसून लाल झाली. तिनं आईचा फोटो दाखवला. आई अंगणात उभी, सगळीकडं बर्फ.

"मीठ सांडलंय जनू," हरणाबाई म्हणाली. मग फोटो पदरानं पुसला आणि विचारलं, "लगीन?"

"नाही."

"भाऊ?"

"नाही."

"मग काळजी कोन करतंय?"

पोरगी थोडा विचार करून बोलली. मी सांगितलं, "म्हणते, जगात कुठंही जा, प्रत्येक गावात एक म्हातारी असतेच. आधी अंगावर ओरडते, मग जेवायला वाढते. काबूलमधल्या म्हातारीनं केस विंचरून दिले."

"म्हातारी कुनाला म्हनतीया?" हरणाबाई ओरडली, आणि भाकरी वाढली.

जेवण झाल्यावर पोरीनं पासपोर्ट आणि कागद पिशवीतनं काढून दाखवले. त्यात एक घडीचं पिवळं कार्ड होतं, शिक्के मारलेलं. मी उलटंसुलटं केलं, वाचायला चष्मा नव्हता, म्हणून ऐटीत सांगितलं, "हे बोटीचं तिकीट." हरणाबाईनं सगळे कागद गोळा केले, फडक्यात बांधले आणि देवाच्या फळीवर टाकांशेजारी ठेवून हळदीकुंकू वाहिलं. "कागुदपत्तर देवाम्होरं आसावं. जाताना दीन."

तिसऱ्या दिवशी पोरीला ताप भरला.

तापाच्या पहिल्या दिवशी हरणाबाई म्हणाली, ऊन लागलं. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाली, पण आवाज उतरला होता. पुढच्या दिवशी सकाळी मी मशीन पुसत होतो तर भिंतीपलीकडनं आपटल्याचा आवाज आला. पाण्याचा तांब्या असावा. मग काहीच नाही. हरणाबाईच्या घरात इतकी शांतता मी कणगीच्या सोन्यानंतर पहिल्यांदाच ऐकली.

थोड्या वेळानं ती बाहेर आली. अनवाणी. हातात कडुलिंबाचे डहाळे होते. माझ्याकडं न बघता तिनं ते चौकटीला खोचले, एक डावीकडं, एक उजवीकडं, आणि आत जाऊन कडी लावली.

माझ्या हातातलं फडकं तिथंच राहिलं.

त्या डहाळ्यांचा अर्थ आमच्या पिढीला सांगावा लागत नाही. घरात देवी आली. घरात आता फोडणी नाही, केस विंचरणं नाही, परक्याचं पाऊल नाही. रोग म्हणायचं नाही, 'आई आल्यात' म्हणायचं. त्यांना जायचं असेल तेव्हा त्या जातील, घेऊन जायचं असेल त्याला घेऊन जातील. पेपरात रोज येत होतं की बिहारात देवीनं माणसं मरताहेत. म्युनिसिपालटीच्या भिंतीवर गेरूनं रंगवलं होतं, 'देवीचा रोगी दिसताच कळवा'. त्या भिंतीवरनं मी रोज हसत जायचो. आमच्याकडं कुठली देवी आता!

आता ती भिंतीपलीकडं होती. आणि भिंत, मी वीस वर्षं सांगत होतो, माझी होती.

माझी बायको अंजना म्हणाली, "आवं, तुमास्नी पलटनीत टोचलंय न्हवं? मग थरथरताय कशापायी?"

"तीस वर्सं झाली त्याला! औषध शिळं व्हत न्हाई व्हय?"

दुपारपर्यंत माझ्या मानेवर एक फोड उठला. तीनदा आरशात पाहिला. अंजनानं सांगितलं, घामोळं आहे. मी कापडाला खडूनं खुणा करत होतो तर खडूचे ठिपकेसुद्धा मला फोडांसारखे दिसायला लागले.

मागच्या बाजूला आमच्या दोघांच्या परसांमध्ये कामट्यांचा एक कूड होता. तिथं हरणाबाई पाणी भरायला आली तेव्हा मी लांबनंच विचारलं, "पक्कं का?"

ती वळली. मी तिचं तोंड वीस वर्षं पाहत होतो. ते वण मला कधी दिसतच नसत, शेजाऱ्याच्या भिंतीचे पोपडे जसे दिसेनासे होतात तसे. त्या दिवशी एकेक वण दिसला.

"पोटावर आन् पाटीवर उटलंय," ती म्हणाली. "बाळासो, कुनाला सांगू नगंस. तुज्या पाया पडते."

बैलाला पारडं हाणणारी बाई माझ्या पाया पडते म्हणाली! मला जास्त भीती त्याचीच वाटली.

"देवी डॉक्टरला बोलवूया का?" मी विचारलं. लस टोचत फिरणाऱ्या सरकारी माणसाला आम्ही देवी डॉक्टर म्हणायचो.

"न्हाई!" ती एवढ्या जोरात म्हणाली की घागर हिंदकळली. "तो तिला गावाभाईर न्हीऊन टाकंल. यकटी मरंल ती थितं. आन् आई कोपत्याल. माज्यावर यकदा कोपल्यात त्या. पुन्यांदा न्हाई."

आत पोरगी काहीतरी बोलली. आवाज बारीक, कोरडा. मग तिनं हाक मारली. "बालासो!"

तिला माहीत होतं की भिंतीपलीकडं मी असतो. आळीत तिची भाषा कळणारा मी एकटा. ती पुन्हा म्हणाली, "बालासो, प्लीज."

आणि मी, आळीचा वाचाळ, तोंडावर उपरणं दाबून घरात निघून गेलो. त्या चार दिवसांत तिनं कितीतरी वेळा हाक मारली. मी मशीन जोरात चालवायचो. सुईत दोरा नसतानासुद्धा चालवायचो.

कुणाला सांगायचं नाही, हे वचन मी पाळलं. पाऊण दिवस. मग नानासोच्या हॉटेलात चहा प्यायला गेलो. नानासोनं विचारलं, "काय बाळासो, आज जोक न्हाई?" एवढ्या प्रेमानं कुणी विचारलं की माझ्या पोटात काही ठरत नाही. मी फक्त नानासोला सांगितलं. नानासोनं फक्त गिऱ्हाइकांना सांगितलं.

डहाळे लागल्याच्या तिसऱ्या दिवशी आळी ओस. लोक घाटावर जायला लांबनं वळसा घालायला लागले. मुलं आजोळी गेली. मंडईत हरणाबाईच्या जागेवर कुणी बसेना, की बाजूच्या बायका तिथनं कोथिंबीर उचलेनात. आणि भीती फार वेळ नुसती बसत नाही, तिला काहीतरी करायला लागतं. चौथ्या दिवशी सकाळी आठ-दहा माणसं माझ्या ओट्यापाशी आली. पुढं नानासोच होता.

"तू शेजारी हायस. तू सांग हरणाबाईला. आज दिस मावळायच्या आत ती गोरी आळीतनं भाईर काढायची. न्हाईतर आमी काढू."

"कशी काढशील? हात लावशील तिला?" मी विचारलं.

नानासोनं हात पाठीमागं नेले. मग म्हणाला, "काठ्या हायत की."

मला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही. ही माणसं माझी होती, त्यांच्या विजारी मी शिवल्या होत्या, आणि त्यांना इथवर आणलं होतं माझ्याच जिभेनं.

ती माणसं कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली. तेवढ्यात जोतीरामची सायकल आली.

जोतीराम कांबळे, आमचा देवी डॉक्टर. चाळिशीचा, सडपातळ, खाकी पिशवी खांद्याला. त्यानं सायकल माझ्या ओट्याला टेकवली. "बाळासो, आळीत रोगी हाय म्हनं. सगळं गाव बोलतंय, तुमीच तेवडं गप. कुठल्या घरात?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या हातात कात्री होती. मी कात्रीनं भिंत दाखवली.

"चला संगं," तो म्हणाला. "मला तिची भाषा येत न्हाई."

मी कसा उठलो, देव जाणे. एवढंच आठवतं की जोतीरामच्या पाठीमागं, त्याच्या सदऱ्याच्या शिवणीवर नजर ठेवून चाललो. शिवण उसवली होती. भ्यालेलं माणूस काहीही बघतं.

त्यानं कडी वाजवली. आत धावपळ ऐकू आली, काहीतरी ओढल्याचा आवाज, हरणाबाईचं कुजबुजणं. मग दार चार बोटं उघडलं.

"कोन न्हाई हितं," हरणाबाई म्हणाली. "गेली ती. पुन्याला गेली."

"लिंब कशाला लावलाय मग?"

"माजं घर हाय. लिंब लावीन न्हाईतर आंबा लावीन."

शब्द तिचेच होते, पण ओठ पांढरे. दाराच्या फटीतनं मला माजघर दिसत होतं. वाकळ जमिनीवर रिकामी, उशाला तांब्या. आणि कोपऱ्यात ती कणगी. कणगी भिंतीपासनं हातभर पुढं सरकलेली होती. तिच्यामागनं उघडे, गोरे पाय दिसत होते. घोट्यांच्या वर दोन-चार फोड.

मी ओरडणार होतो. ओरडलो नाही. हे धैर्य नव्हतं, आवाजच नव्हता.

जोतीरामनंही पाय पाहिले असावेत. पण एकट्या बाईच्या घरात तिच्या परवानगीशिवाय शिरणारा तो माणूस नव्हता. शिवाय कोपऱ्यावर ती काठ्यावाली माणसं उभी होती. त्यानं जोर केला असता तर ती त्याच्याआधी आत घुसली असती. तो हळू म्हणाला, "मावशी, रोगी आसंल तर मी हाय. मी गेलो, तर ते येत्याल." आणि पायरी उतरायला वळला.

हरणाबाईनं दार लावायला हात घातला. मग मागं कणगीकडं पाहिलं.

पोरगी गप्प होती. तापानं फणफणलेली, अंगभर फोड, भाषा कळत नाही, हे कोण आलंय ते ठाऊक नाही. पण म्हातारीनं खूण केली म्हणून कणगीमागं श्वास धरून बसली होती. खोकलीसुद्धा नाही. फक्त तिचे डोळे कणगीच्या कडेनं हरणाबाईकडं लागले होते.

हरणाबाईच्या घशातनं एक आवाज निघाला. तसला आवाज मी इटलीत ऐकला होता, कराडात कधी नाही.

"थांबा!" ती ओरडली. दार सताड उघडलं. "थांबा, डाक्टर! हाय ती हितं. मी लपीवलीया."

जोतीराम परतला आणि उंबऱ्यापाशी थबकला. छप्पन साली त्याच्या घरानं बौद्ध धर्म घेतला, त्याला सरकारी नोकरी लागली, पण आमच्या आळीतले उंबरे तेच होते. अर्ध्या आळीत तो बाहेरूनच टोचायचा.

"आत येऊ?"

"या म्हनते न्हवं! या लवकर!"

ती खाली बसली, कणगीला पाठ टेकून, आणि कुणी न विचारता बोलायला लागली. जोतीरामशी नाही, माझ्याशी नाही. त्या पोरीचा हात तिनं धरला होता, तिला सांगत असावी.

"माजी बनी चार वर्साची हुती. गावात टोचनारा आला. सासू म्हनली, टोचलं की आई कोपत्यात. आन् त्यो परका मानूस, घरात कशाला घ्यायचा. मी बनीला कनगीत उतरीवली. म्हनलं, गप बस हां, हूं का चूं करू नगंस. झाकान ठेवलं. त्यो दारात आला, इचारलं, पोर हाय का? म्हनलं, न्हाई. त्यो गेला. मी झाकान काडलं तर बनी तशीच बसलीया. मला म्हनली, आये, मी न्हाई बोलले. मी शाबास म्हनलं तिला. गूळ दिला." हरणाबाईनं हात कणगीच्या लिंपणावरनं फिरवला. "सा म्हयन्यांनी आल्या आई. न्हेली. ही बी तशीच गप बसली वं, डाक्टर. तशीच."

ज्या कणगीत सोनं आहे असं मी आळीत उठवून दिलं होतं, त्या कणगीकडं मला बघवेना.

जोतीराम पोरीसमोर उकिडवा बसला. पिशवीतनं जाड कार्ड काढलं, त्यावर देवी आलेल्या एका मुलाचा फोटो. मला म्हणाला, "हिला सांगा, तळहात दाखीव. तळपाय बी."

मी सांगितलं. माझी भाषा ऐकल्यावर पोरगी रडायला लागली. इतके दिवस भिंतीपलीकडं असूनही मी का आलो नाही, हे तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तळहात कोरे. तळपाय कोरे. जोतीराम पाठ बघत होता, पोट बघत होता, कार्डाकडं बघत होता. बाहेर कोपऱ्यावर कुणीतरी काठी दगडावर आपटत होतं, टक, टक.

"देवी सगळी यका वेळंला भरत्यात," तो हळूहळू म्हणाला, "आन् तोंडावर, हातापायांवर जास्त. हिचं पोटापाटीवर जास्त हाय. ह्यो फोड ताजा, त्यो सुकलेला, त्याची खपली धरलीया." त्यानं पोरीचा दंड उजेडाकडं वळवला. दंडावर रुपयाएवढा गोल वण होता. "हिला टोचलंय. कागुद आसंल हिच्याकडं. पिवळा. भाईरदेशी जानाऱ्या सगळ्यांकडं आसतोय."

हरणाबाई उठली, देवाच्या फळीवरनं फडकं काढलं, हळदीकुंकवानं माखलेलं ते कार्ड त्याच्या हातात दिलं. जोतीरामनं वाचलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"बोटीचं तिकीट म्हनं," हरणाबाई म्हणाली.

मी खिशात चष्मा शोधायला लागलो.

"टोचलंय. गेल्या वर्साच्या आदल्या वर्सी," जोतीराम म्हणाला. "मावशी, ह्या देवी न्हाईत. कांजन्या हायत. आठ दिसांत उटून बसंल. जगतीया ती."

हरणाबाईनं हे तीनदा विचारून घेतलं. मग पोरीच्या डोक्यावरनं हात उतरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

जोतीराम बाहेर जाऊन कोपऱ्यावरच्या माणसांशी बोलला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, आणि मला ऐकू न येणं ही आळीच्या इतिहासातली मोठीच गोष्ट. मग त्यानं तिथंच, माझ्या ओट्यावर पिशवी उघडली. "आता आलाच आहात काठ्या घेऊन, तर बाह्या वर करा. आळीत निम्म्यांना टोचलेलं न्हाई."

रांग लागली. नानासो सगळ्यात मागं जाऊन उभा राहिला. माझी पाळी आली तेव्हा मी डोळे मिटले. अंजना बाजूला उभी होती, म्हणाली, "बैलाच्या वेळंला बी ह्ये असंच तोंड हुतं ह्यांचं." लोक हसले. चार दिवसांत आळीत पहिल्यांदाच कुणी हसलं, तेही माझ्यावर. मला बरं वाटलं.

सगळ्यात शेवटी हरणाबाई आली. पदर सावरून, चोळीची बाही वर सारून, दंड पुढं केला.

जोतीराम म्हणाला, "मावशी, तुमाला कशाला? तुमाला देवी यून गेल्यात. आता जल्मात येनार न्हाईत."

"टोच."

"आवं, पर लस फुकट—"

"माजं न्हाई रं," ती म्हणाली. "बनीचं ऱ्हायलंय."

जोतीरामनं माझ्याकडं पाहिलं नाही, वहीकडंही पाहिलं नाही. दोन टोकांची ती बारीक सुई घेतली, औषधात बुडवली आणि तिच्या दंडावर हलके हलके टोचे दिले. मी मोजले. पंधरा. एका बोटाच्या जागेत. रक्ताचा एक ठिपका आला, तो त्यानं पुसलाही नाही.

हरणाबाई दंडाकडं बघत होती.

"झालं?"

"झालं."

"एवडंच?"

जोतीरामनं सुई डबीत ठेवली. "तवा सुई न्हवती. चकती फिरवायची. जरा जास्त दुखायचं पोरास्नी." मग डबीचं झाकण लावत म्हणाला, "पर एवडंच."

तिनं बाही खाली ओढली नाही. दंड तसाच उघडा ठेवून ती घरात गेली. भिंतीपलीकडनं मला चुलीत फुंकर मारल्याचा आवाज आला, मग भांड्याचा, आणि मग तिचा नेहमीचा, आळीभर ऐकू जाणारा आवाज:

"ऊठ गं इंगळे, पेज पी! आन् मोट्यानं रड, काय रडायचं त्ये. गप बसू नगंस माज्या घरात."